वाफ धरलेलं घड्याळ

"एवढ्या पैशात एवढंच मिळणार, मॅडम."

काउंटरमागचा विक्रेता हे इतकं गोड हसून म्हणाला, की मासोळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या हातातल्या घड्याळात काचेच्या आतून अशी वाफ धरली होती, की काटे कुठे आहेत ते अंदाजानंच ओळखायचं. सेकंदकाटा एका जागी अडकून नुसताच थरथरत होता. आणि घड्याळ घेऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

"एवढ्या पैशात म्हणजे?" ती म्हणाली. "तुम्ही मागितले त्यातला एक रुपया मी कमी दिला का? घासाघीससुद्धा केली नाही!"

"तसं नाही हो मॅडम…"

"मग कसं? मागं वाचा काय कोरलंय. तीस मीटरपर्यंत पाण्यात सुरक्षित! आमचा तलाव अगदी खोल बाजूला दोन पुरुषसुद्धा नाही. तीस मीटर खाली गेले असते, तर घड्याळ राहू द्या, मी तरी परत आले असते का भांडायला?"

मासोळी म्हणजे तलावावरची पोहण्याची शिक्षिका. चालायच्या आधी पाण्यात हातपाय मारायला लागली म्हणून वडिलांनी लाडानं हे नाव ठेवलं. वडील गेले, नाव राहिलं. शिकाऊ पोरांनी पाण्याखाली श्वास किती धरला ते बघायला तिला घड्याळ लागे. भिंतीला घासून ते खराब होणारच, म्हणून ती स्वस्तातलंच घेई. पण स्वस्त घेतलं म्हणजे फसवायची परवानगी दिली, असं थोडंच असतं? या चकचकीत काचेच्या दुकानात मात्र सगळ्यांची तशी खात्रीच दिसत होती. शेजारच्या काउंटरवर महागडी घड्याळं बघणाऱ्या बाई तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू तिनंच काहीतरी चोरलंय.

"एक सांगू का… म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर…"

आवाज डाव्या बाजूनं आला. तिथं एक माणूस उभा होता, शिडशिडीत, बाह्या दुमडलेल्या, आणि त्याच्या डाव्या मनगटावर एकाखाली एक घड्याळं, उजव्यावरही तशीच. सगळी स्वस्तातली. मासोळीला वाटलं, हा नक्की कुणीतरी चक्रम आहे.

"चूक यांची आहे," तो म्हणाला. मग इतका वेळ थांबला, की तिला वाटलं बोलणं संपलं. "आणि… थोडी तुमचीही."

"माझी?"

"तीस मीटर म्हणजे खोली नाही. कारखान्यात, न हलणाऱ्या पाण्याचा तेवढा दाब सोसेल, असा हिशेब असतो तो. नवंकोरं असताना. तुम्ही पोहताना हात पाण्यावर आपटता, त्याची गोष्ट वेगळी. तीस लिहिलं असेल, तर त्यात फक्त हात धुवायचे… पावसाचे चार थेंब चालतात. पोहायला शंभर लिहिलेलं बघावं."

"मग 'हात धुवायला ठीक' असं कोरा ना! तीस मीटर कशाला कोरता? लोकांनी विकत घ्यायच्या आधी परीक्षा द्यायची का?"

यावर तो पुन्हा थांबला. भुवया आक्रसून त्यानं खरंच विचार केला. दुकानात इतका वेळ कुणी तिच्या बोलण्यावर विचार करायचे कष्ट घेतले नव्हते.

"खरं आहे," तो म्हणाला. "हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं."

भांडणाची सगळी तयारी असताना समोरच्यानं 'खरं आहे' म्हणावं, याची मासोळीला सवय नव्हती.

"हे घड्याळ मला द्याल?" त्यानं विचारलं. "आत रबराचं कडं असतं, ते कुठून सुटलं बघायचंय."

"घ्या. मला याचं तोंडसुद्धा बघायचं नाही!"

त्यानं मनगटावरून एक घड्याळ सोडलं. पांढरी तबकडी, मोठे काळे आकडे, बाकी काही नाही. "त्याबदली हे ठेवा. दिसायला साधं आहे… पण माझ्या आत्याच्या हातावर भांडी घासून झालेलं आहे. नाही पटलं तर परत आणा. पुलाखाली, चपलांच्या दुकानाशेजारी."

ती नको म्हणणार होती. पण पट्टा अजून त्याच्या मनगटाच्या उबेनं कोमट होता, आणि तो हातात आल्यावर नको म्हणायचं कसं कोण जाणे राहून गेलं.

दोन आठवडेही गेले नाहीत आणि ती पुलाखालच्या त्या दुकानात जाऊन थडकली. दुकान कसलं, बोळकंडीच. एका माणसानं आत जायचं, तर दुसऱ्यानं बाहेर यायचं. भिंतीभर घड्याळं टांगलेली, त्यांची बारीक टिकटिक एकमेकांत गुंतलेली, आणि स्टुलावर एक ठेंगणी बाई बसलेली. हीच ती आत्या. तिच्याही मनगटावर घड्याळ होतं, आणि हाताला साबणाचा वास.

"भांडी घासून झालंय म्हणे!" मासोळीनं पांढरं घड्याळ काचेवर ठेवलं. तेही बंद पडलं होतं. "तुमच्या घरात पोहता येतं का हो कुणाला?"

आत्या खळखळून हसली. "याला? अगं, हा बादलीत हात घालायच्या आधी पाण्याला नमस्कार करतो."

आतल्या टेबलाशी बसलेला तो कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे काठावर बसून पाण्यातल्या घड्याळांना गुण देता? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला!"

"खरं आहे," तो म्हणाला. आता मात्र मासोळीला या 'खरं आहे'चा रागच आला. रागावर हा माणूस असं थंड पाणी ओततो, आणि भांडायला काही शिल्लकच ठेवत नाही.

मग तिला त्या दुकानाचा कायदा कळला. आजोबांच्या वेळेपासूनचा तो कायदा. कुठलंही घड्याळ विकायला ठेवायच्या आधी त्यातलं एक घरातल्या कुणाच्या तरी हातावर राहायचं. आत्या ते घालून भांडी घासणार, कणीक मळणार. तो घालून झोपणार, स्कूटर चालवणार, गर्दीत कोपरं खाणार. आणि हातावर नीट राहून झाल्याशिवाय त्याच्याबद्दल बरं किंवा वाईट, एक अक्षर बोलायचं नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो. घाऊकवाले त्यांना वेडे म्हणत. काचेच्या दुकानवाले तर हसतच.

"महागडं घड्याळ घेणाऱ्याच्या घरी दुसरं असतं," तो हळूहळू म्हणाला. "स्वस्तातलं घेणाऱ्याकडे तेवढं एकच असतं. त्याच्यावर तो पहाटेची गाडी पकडतो… मग खरं आधी कुणाला सांगायला हवं?"

"म्हणून म्हणते, पाण्यातलं काम मला द्या," मासोळी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं. "मी घालते. बंद पडलं, की येऊन सांगते."

"सांगते नव्हे, भांडते म्हण," आत्या म्हणाली. "चालेल. दुकानात जरा जाग येईल."

तर अशी त्यांची ओळख. गुलाबाची फुलं नाहीत, चंद्र नाही, काही नाही. दर आठवड्याला एक घड्याळ आणि एक भांडण.

"या पट्ट्याला रॉकेलचा वास येतो!"

"नव्या रबराला येतो. उन्हात ठेवलं की…"

"मनगटावर ठेवू की उन्हात? आणि हा सेकंदकाटा बघा, एकाही रेघेवर धड पडत नाही. दोन रेघांच्या मध्ये पाय फाकून उभा राहतो."

"ते चालतं. स्वस्तातल्यात रेघेवर पडणं नशिबाचं. काटा कुठं पडतो ते बघायचं नाही… रोज तिथंच पडतो का ते बघायचं. जो रोज एकसारखा चुकतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो."

"हे घड्याळाबद्दल बोलताय, की स्वतःबद्दल?"

तो गडबडला, हातातला चिमटा खाली पडला. तो वाकून शोधायला लागला आणि बराच वेळ वर आलाच नाही. तिला माहीत होतं, चिमटा समोरच पडलाय. बोलताना हा माणूस वाक्याच्या मध्येच थांबे, पुढचा शब्द जणू आतल्या खोलीतून आणायचा असे. तिनं त्याचं नावच सावकाशराव ठेवलं. घड्याळाचा धंदा आणि जन्मात कधी वेळेवर उत्तर नाही!

पण शिकवायचा मात्र मनापासून. किल्ली बाहेर ओढून बघायची, कुठं थांबते आणि डुगडुगते का. मागचं झाकण नुसतं दाबून बसवलंय, की आट्यांचं आहे. काचेवर नखानं टकटक करायची. पट्ट्याच्या टोकाची दांडी सैल असेल, तर बाकी सोनं का असेना, घड्याळ गटारात पडणार. मासोळी ऐकायची आणि त्याच्या बोटांकडे बघायची. एवढी बारीक कामं करणारी ती बोटं काचेवरून तिच्या हाताजवळ आली, की एकदम कुठे जावं ते न कळल्यासारखी थांबायची. तिच्या केसांना कायम तलावाच्या औषधाचा वास. तिनं एकदा लाजून केस मागं घेतले, तर तो पटकन म्हणाला, "असू दे… म्हणजे, दुकानात धुळीचाच वास असतो एरवी…" आणि पुढं अर्थातच थांबला.

तो चिडलेला मात्र तिनं एकदाच पाहिला. बाहेर झिरमिर पाऊस होता, ती ओल्या चपला दाराशी काढत होती, आणि आत एक घाऊकवाला नवी घड्याळं मांडून बसला होता. काळी, भारदस्त, तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या. मासोळीलासुद्धा क्षणभर मोह पडला. सावकाशरावनं एक उचललं, बाजूची बटणं दाबली, काच डोळ्यांजवळ नेली.

"हे काटे फिरत नाहीत," तो म्हणाला.

"मधले फिरतात की. छोट्यांकडे कोण बघतंय?"

"हे काटेच नाहीत. चित्र आहे." त्यानं घड्याळ परत ढकललं. "तीन तबकड्यांचं चित्र काढलंय! ही बटणं कशालाच जोडलेली नाहीत. एखादा पोरगा पहिल्या पगारात हे घेणार, मित्रांना दाखवायला बटण दाबणार, आणि सगळ्यांसमोर काहीही होणार नाही… तेव्हा त्याला काय वाटेल? साधं करा ना! साधं करायला कुणी मना केलंय? स्वस्त आहे म्हणून त्यात खोटं भरायचा हक्क कुणी दिला तुम्हाला?"

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं आत्या पुटपुटली. घाऊकवाला माल गुंडाळून तणतणत निघून गेला. सावकाशराव घाम पुसत खाली बसला, इतकी वाक्यं एका दमात बोलून त्याला धाप लागली होती. मासोळी दाराशी एक चप्पल पायात आणि एक हातात धरून तशीच उभी. माझ्यासारखाच चिडतो की हा, तिला वाटलं. आणि मग छातीत असं काही लख्ख झालं, की चप्पल कुठली घालायची आणि कुठली काढायची, तेही तिला उमगेना. ती त्याच्या प्रेमात पडली होती. सरळ सांगायचं तर तिथंच, त्याच क्षणी.

पण सुख कुणाचं मावशीला बघवतंय? वाईट नव्हती हो मावशी. आईची धाकटी बहीण, बहिणीच्या काळजीनं पोखरलेली. तिनं एक स्थळ आणलं. स्वतःचं घर, स्वतःची गाडी, बोलणं गुळचट. तो माणूस घरी आला, मासोळीचे उन्हानं रापलेले हात न्याहाळले आणि तिच्या आईलाच म्हणाला, "उन्हात गेल्या नाहीत, तर उजळतील. माझी अट एवढीच, तलाव सोडायचा. लोकांच्या पोरांसमोर पाण्यात उतरायचं, हे आमच्या घरात बसत नाही."

मासोळीसमोर बसून तिच्याबद्दल तिच्या आईशी बोलणं! दुकानात लोक निदान घड्याळ हातात घेऊन बघतात, यानं तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आणि तो गेल्यावर मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तिशी उलटली, बाळा. वडील नाहीत, हुंड्याचं सोड, चार दागिनेसुद्धा नाहीत. आता एवढ्यात एवढंच मिळणार. रविवारी मी त्यांना होकार कळवते."

पुन्हा तेच वाक्य! काचेच्या दुकानातून निघून ते तिच्या मागोमाग घरात येऊन बसलं होतं. मासोळी ताडकन उठली. "मी काय शोकेसमधला माल आहे? खपत नाही म्हणून कुणाच्याही गळ्यात मारायचा? मला ज्याच्याशी करायचं, त्याच्याशी करेन, नाहीतर जन्मभर करणार नाही!"

"म्हणजे कुणीतरी आहे," मावशी म्हणाली. तिच्या नाकाला असल्या गोष्टींचा वास फार लवकर लागे. मासोळीनं मान फिरवली, पण गाल सांगायचं ते सांगून गेले. रात्री आई नुसती उशाशी बसली आणि म्हणाली, "मी असेपर्यंत तुझं काही व्हावं गं." त्या एका वाक्यानं मासोळीचा अर्धा जोर गेला. आईला नाही म्हणायचं, तर हाताशी काहीतरी हवं. कुणीतरी तिच्याबद्दल ठणकावून 'हो' म्हणायला हवं होतं. परवडतं म्हणून नव्हे, चालून जाईल म्हणून नव्हे. हवी म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती आठवड्याचं घड्याळ परत करायला पुलाखाली गेली, तर दुकानात मावशी! भाचीच्या हातावरच्या दर आठवड्याच्या नव्या घड्याळाचा माग काढत आलेली, पट्टा बदलायचं निमित्त करून बसलेली. मासोळी दाराबाहेरच थबकली. मावशीला आडून बोलणं कधी जमलंच नाही, तिनं सरळच विचारलं, "आमची पोरगी तुम्हाला पसंत आहे का? हो असेल तर मी त्या दुसऱ्या माणसाला थांबवते. पण आत्ता सांगा."

टिकटिक, टिकटिक. सगळी भिंत जणू त्याच्या तोंडाकडे बघत होती. आत्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. सावकाशरावनं ओठ उघडले, मिटले. आणि मग काय म्हणाला असेल हा शहाणा?

"अजून… तसं सांगता येणार नाही."

मासोळी आत आली. तिला बघून त्याचा चेहरा खडूसारखा झाला.

"का सांगता येणार नाही?" ती म्हणाली. आवाज इतका शांत होता, की आत्या दचकली. "अजून हातावर पुरेशी राहिले नाही म्हणून? गर्दीत कोपरं खायची राहिलीत? की पट्ट्याची दांडी तपासायची आहे?"

"नाही… ऐका… आमच्यात नीट पारखल्याशिवाय बोलत…"

"पारखल्याशिवाय! अहो, मी घड्याळ आहे का?" आता मात्र तिचा आवाज चढला. "तो कालचा माणूस मला न बघता किंमत करून गेला. तुम्ही इतके महिने बघूनही करत नाही. दोघांत फरक काय? रविवारी मावशी होकार कळवणार आहे. कळवू दे! निदान त्याला काय हवंय, ते त्याला ठाऊक तरी आहे!"

तिनं घड्याळ काचेवर ठेवलं. ते छान चालू होतं, पाण्यात आठवडा काढून एक थेंब आत गेला नव्हता. ते सांगायलाच तर ती आनंदानं निघाली होती. न सांगताच ती वळली, आणि पूल ओलांडेपर्यंत तिनं डोळे पुसले नाहीत. रस्त्यात रडायला ती काय दूधखुळी होती? घरी जाऊन मात्र मनसोक्त रडली.

शनिवार उजाडला. मासोळीनं दिवसभर पोरांना असं पळवलं, की रोज पाण्यातून बाहेर न निघणारी पोरं आपणहून निघाली. शेवटची तुकडी गेली. तलावावर कुणी राहिलं नाही, उतरत्या उन्हात पाणी हलत होतं आणि त्याच्या सावल्या भिंतीवर सरकत होत्या. ती उथळ बाजूला, पाण्यात उभी राहून दोऱ्या गुंडाळत होती.

"माफ करा… आत येऊ का?"

पायऱ्यांपाशी सावकाशराव उभा. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही हातांनी कठडा असा धरलेला, जणू तलावच त्याच्यावर चालून येणार आहे.

"वेळ संपली," ती दोरीकडे बघत म्हणाली.

"हो." त्यानं सवयीनं मनगट वर केलं. मासोळीनं न बघायचं ठरवलं होतं, तरी पाहिलंच. काचेच्या आत वाफ. सेकंदकाटा जागच्या जागी. तिचं घड्याळ! पहिल्या दिवशी तिनं त्याच्यावर जवळजवळ फेकलेलं.

"बंद घड्याळात वेळ बघता?" तिला राहवलं नाही. "उघडून बघायचं म्हणून मागून घेतलं होतंत ना?"

"उघडलं नाही."

"का?"

तो थांबला. पण या वेळी शब्द शोधत नव्हता, असं तिला वाटलं. शब्द तयार होता, धीर होत नव्हता.

"आतली वाफ तुमच्या तलावाची आहे," तो म्हणाला. "झाकण उघडलं असतं तर… उडून गेली असती."

मासोळीच्या हातातली दोरी पाण्यात सुटली.

"त्या दिवसापासून बाहीखाली असतं," तो बोलत राहिला. "आमचा कायदा आहे, बंद पडलं की काढायचं. आत्यानं किती वेळा विचारलं, ते खेळणं कशाला घालतोस. आजवर एवढी घड्याळं पारखली, पण याला गुण द्यायचे म्हटलं की मला एकही सुचत नाही आणि हातावरून काढवतही नाही. तुमच्या मावशींनी विचारलं, तेव्हासुद्धा हातावर हेच होतं. आणि मी मूर्ख… सवयीनं बोलून गेलो. घड्याळाबद्दल चुकलं तर परत घेता येतं. तुमच्याबद्दल घाईनं काही बोललो आणि तुम्हाला ते कमी पडलं, तर? ही भीती होती. पारखायचं काही नव्हतं." त्यानं श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. तुम्ही त्या विक्रेत्याशी भांडत होतात ना… तेव्हापासून."

इतके दिवस जे ऐकायला ती झुरत होती, ते आलं. आणि आल्यावर तिला काय झालं असेल? रागच आला! हेच त्या दिवशी म्हणायला काय झालं होतं या माणसाला? आठवडाभराची झोप गेली, उशी भिजली, आईचा चेहरा उतरला.

"आमचाही कायदा आहे," ती हनुवटी वर करून म्हणाली. "पाण्यात घातल्याशिवाय आम्ही कशाबद्दलही बोलत नाही. उतरा."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यानं चपला काढल्या. खरोखरच वाकून पाण्याला हात लावून नमस्कार केला. मासोळीला हसू फुटलं, ते तिनं गालातच दाबलं. पहिली पायरी. दुसरी. पाणी दुमडलेल्या पॅन्टला लागलं तसे त्याचे डोळे गच्च मिटले, तरी पाय खाली येत राहिले. शेवटच्या पायरीवर कठडा संपला. तिनं हात पुढं केला. त्यानं तो असा घट्ट पकडला, की तिची बोटं कळवळली, आणि दोघांच्या मनगटांमध्ये ते वाफ धरलेलं घड्याळ रुतून बसलं.

"डोळे उघडा. कमरेएवढंच आहे."

त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. आजवर दोघांच्या मध्ये कायम एक काच असे, काउंटरची. आज नव्हती. तिच्या पापण्यांवर अजून पाणी होतं.

"मला पोहता येत नाही," तो अगदी हळू म्हणाला. "दुकान हे एवढंसं. बोलायला मला किती वेळ लागतो, ते तुम्ही बघताच. तो माणूस सगळ्या बाजूंनी… म्हणजे, नीट विचार करा. माझ्याकडून तुम्हाला एवढंच मिळणार…"

"एवढंच?" मासोळी अशी कडाडली, की पलीकडच्या भिंतीवरून आवाज परत आला. "कोण म्हणतं एवढंच? खबरदार, माझ्या माणसाला कुणी 'एवढंच' म्हणालं तर! तूसुद्धा म्हणायचं नाहीस, कळलं?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. आपण काय बोलून गेलो, ते तिच्या मागाहून ध्यानात आलं, आणि तिचे कान तापले. शब्द मात्र तिनं परत घेतला नाही.

"कळलं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा, जराही न थांबता.

मावशीला ताबडतोब फोन करायला हवा होता. फोन पलीकडे बाकावर, पिशवीत होता. पण तिनं हात सोडला असता, तर हा माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडाला असता. म्हणून मावशीला जरा वाट बघावी लागली.